गुडघ्यांना ऐकू येत नाही

—नाही नाही, तुम्ही बोलूच नका, आधी माझं ऐका. चूक झालेली नाही. फोनवर तुम्ही गिटारसाठी चार स्पीकरचं कॅबिनेट सांगितलंत, मी एका स्पीकरचं आणलंय – मुद्दाम आणलंय – आणि हेच इथे राहणार. दुकान माझं, टेम्पो माझा, खोकं माझं. हात काय हलवताय? जरा पडदा बाजूला करा आणि बघा, केवढासा हॉल आहे. शेवटच्या रांगेतला माणूस शिंकला तरी स्टेजवर कळेल. आणि ह्यांना कमरेएवढं कपाट हवंय! डास मारायला तोफ!

आता तुम्ही उभे कुठे राहणार? इथे. खोकं कुठे? पाठीमागे, जमिनीवर. म्हणजे आवाज लागतो कुठे? गुडघ्यांना. आणि गुडघ्यांना ऐकू येतं का हो? नाही येत. गिटारचं कॅबिनेट टॉर्चसारखं, तोंड जिकडे, तिकडेच झोत. तुम्हाला वाटतं, आपलं तर काहीच ऐकू येत नाहीये – की फिरवलं बटण. ते तुमच्या पायांमधून निघतं आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानात खिळा ठोकल्यासारखं घुसतं. मग ड्रमवाला म्हणतो, मी काय मेलोय? तो बडवतो. बेसवाला चढवतो. आणि मधे गाणारी – तिला बटण नसतं. तिला एक गळा असतो, आणि तो माझ्या दुकानात भाड्याने मिळत नाही. तिच्या माइकमध्ये तिच्यापेक्षा तुमची गिटारच जास्त शिरते, मिक्सरवाल्याने तिचा आवाज वाढवला की वाढता तुम्हीच – थांबा म्हटलं ना! मी बोलतोय.

ती गाणारी माझी मुलगी आहे. माहीत नव्हतं? नसेलच, ती कशाला सांगेल. घशाचं ऑपरेशन झालंय तिच्या. आज पहिल्यांदा उभी राहतेय. डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय, पुन्हा ओरडावं लागलं तर गाणं सोडाच, बोलायचा आवाजही राहणार नाही. आता कळलं, मी खोकं का बदललं?

तुमच्या आधी इथे जो वाजवायचा, तो माझा जावई. हातात जादू, आणि डोक्यात नुसता जाळ. घरी भांडण झालं की ब्र काढायचा नाही, सभ्य माणूस! स्टेजवर चढला की बटण पिरगळायचा. तिच्यावर हात कधी उचलला नाही, हे मी मान्य करतो – पण माणसाला असंही मारता येतंच की. भर कार्यक्रमात, लोक टाळ्या वाजवत असताना. एकदा दुपारी तालीम चाललेली, मिक्सरवर मी. ती हाताने खुणावतेय, खाली घे, खाली घे – हा पाठ फिरवतोय आणि वाढवतोय. शेवटी तिने वरचा सूर ओरडून लावला आणि गळा फाटला. खोकली. रुमाल लाल. आणि हा वाजवतोच आहे!

मग मी चढलो. माइकचा स्टँड उचलला, लोखंडी बुडाचा, आणि घातला पाठीत. पडला. बरगड्यांत लाथा घातल्या – एक, आणखी एक, मोजतंय कोण. ड्रमवाला धरायला आला, त्याचं नाक फोडलं. गिटार जमिनीवर, तिचाच आवाज तिच्यात शिरून मागचं कॅबिनेट किंचाळत होतं, थांबेचना, आणि मला वाटलं हे थांबलं पाहिजे – म्हणून ढकललं. चार स्पीकरचं धूड. खाली त्याचा डावा हात होता. मला दिसला नव्हता, असं मी पोलिसांना सांगितलं. दिसला होता हो. चांगला दिसला होता, पंजा पसरलेला... हे तुम्ही ऐकलेलं नाही.

आणि मुलगी धावली कुणाकडे? तोंडात रक्त, आणि धावली त्याच्याकडे! त्याचा तो चेचलेला हात मांडीवर घेऊन बसली. माझ्याकडे वर बघून कुजबुजली, आवाज होता कुठे – "बाबा, पुन्हा माझ्या गाण्याला यायचं नाही." मी! ज्याने तिच्यासाठी – जाऊ दे.

इकडे ये. हात दे. दे म्हणतो ना! बोटं लांब आहेत रे तुझी, छान आहेत. हे बघ, बटणाशेजारी पांढरी पट्टी लावलीये. काटा तिच्यापुढे गेला, तर मी मागच्या दाराशी टेम्पोत बसलेलो असेन. जावयाची गय केली नाही, तू तर परका. सोडत नाही. दुखतंय? दुखू दे, लक्षात राहील.

काय? मोठ्याने बोल. लहानच हवं होतं? मग फोनवर मोठं – हां, ते आधी सांगितलं होतंस. आणि मग मिक्सरवाल्याने समजावलं. लहान घे, मागे तिरकं करून तोंड तुझ्या कानाकडे ठेव, स्टेजच्या कडेला सरकव, तिच्या माइकपासून लांब... म्हणजे मघापासून तू हेच सांगत होतास? मी आलो तेव्हापासून?

बरोबर सांगितलं त्याने. अगदी बरोबर. मीही असंच ठेवलं असतं. कोण रे हा मिक्सरवाला? नवा आहे? कुठे शिकला?

डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. अच्छा. एका हाताने चालवतो सगळं.

...थांब. ऐक. पडद्यापलीकडे, माइकवर – तीच आहे. किती हळू गातेय. जोर लावतच नाहीये, आणि तरी कसं स्वच्छ येतंय, इथपर्यंत. त्याने सगळं खाली घेतलंय तिच्यासाठी. सगळं.

मनगट झाकून घ्या तेवढं, वळ उठलेत. तिला दिसले तर विचारेल. आणि खोकं कुणी आणलं म्हणाली तर सांगा, दुकानातला माणूस होता, ठेवून गेला. नाही, पाणी नको. सरका बाजूला, टेम्पो वाटेत उभा आहे.