सुतकाचा निळा

— नाही आपा, नवरीच्या घरात लगेच नका जाऊ, आधी इथं बाकावर टेका, चहा घ्या — नवऱ्या मुलाच्या मावशी ना तुम्ही? काखेतला गठ्ठा बघूनच ओळखलं. तीनशे पत्रिका, सगळ्या परत. हो, निळ्याच आहेत, मी कुठं नाही म्हणते? नवरा गेल्यावर बाईनं वर्षभर नेसायचा निळा, आणि तो लग्नपत्रिकेवर — तुमच्या बहिणीच्या काळजात धस्स झालं असणार. पण म्हणून लग्न मोडायचं? नवरी ओयदिन, आत्ता कुठं बापाचं वर्ष झालेली पोर, तिनं काय केलंय? आणि आमच्या मर्गिलानात ठरलेलं मोडलं की लोक पोरीतच खोट शोधतात, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

रंग जांभळाच ठरला होता हो, तुमच्या भाच्याच्या लग्नातल्या झग्याचा. मुअत्तरनं लेकीच्या पत्रिका स्वतःच्या छापखान्यात, स्वतःच्या हातानं काढल्या. आणि रंगाच्या बाबतीत बाई भलती कडक — म्हणते, संगणकाच्या पडद्यावरचा रंग म्हणजे शेजारणीचं कौतुक, त्यावर भुलायचं नाही. आधी कागदावर एक नमुना काढायचा, काळ्या कागदात गुंडाळून खणात ठेवायचा, आणि छापताना पांढऱ्या दिव्याखाली शेजारी धरून ताडायचा. मग चुकलं कसं? शाई पातळ आली असेल, उन्हाळा काय कमी होता यंदा, यंत्रही म्हातारंच — काय म्हणता? ताडला नाही का? ताडला ना. तंतोतंत जुळला. जुळणारच — नमुनाच निळा पडला होता.

आता असं बघू नका माझ्याकडं. एका दिवसासाठी मागून नेला होता मी, गल्लीला दाखवायला. खिडकीच्या काचेवर चिकटवला. जर्दाळू पिकत होते तेव्हा — आणि द्राक्षं गोड झाली तरी तिथंच. ऊन आधी लाल खातं, जांभळ्यातला लाल गेला की निळाच उरतो, हे मला काय ठाऊक? काढला तेव्हा दिसलं. तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून ती बाजारात गेल्यावर गुपचूप खणात सरकवला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी — पण तिला शंका आली होती, आपा. पहिला कागद निघाला तशी मला हाक मारली, म्हणाली, "सनोबर, मला हा निळा दिसतोय गं, तुला?" आणि मी म्हटलं, "वर्षभर रडलीस, निळं नेसलीस, आता तुला सगळंच निळं दिसणार. नमुन्यावर भरवसा ठेव, डोळ्यांवर नको." तिचंच शिकवलेलं तिला ऐकवलं. तिनं मान हलवली आणि तीनशे काढल्या.

तेव्हा हा अपशकुन नाही, टोमणाही नाही. बहिणीला माझं नाव घेऊन सांगा, चारचौघांत सांगा, म्हणावं नाक खुपसणारी एक शेजारीण होती. मी पाया पडते, पण लग्न —

तिला? नाही. तिला अजून माहीत नाही. दोन दिवस यंत्र खोलून बसली होती. काल डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आली. तो म्हणाला, डोळे चांगले आहेत. तरी घरी येऊन म्हणते, "छापखाना विकावा म्हणते, सनोबर, मला रंग कळेनासे झालेत." आणि मी तिला भात वाढून दिला. भात —

गठ्ठा ठेवा इथं. उठा आपा. तुम्ही थेट बहिणीकडं जा, आत येऊ नका. माझ्यामागं कुणी उभं असलं तर मला जमायचं नाही. जा म्हणते ना.