परदेशी नोटांचा पट्टा

नाही, चेन नको. चेन लावली की तो चोरखिसा राहत नाही, साहेब, नुसती पर्स होते कमरेला बांधलेली. वहिनींसाठीच ना पट्टा? मग चारी बाजूंनी शिवूनच टाकायचा — नोटा आत, त्यांना बकरमचा आधार, वरून अस्तर आणि बारीक टीप. तिकडे परदेशात म्हणे दुमडलेली नोट दुकानदार घेत नाही, मागे सारतो. बकरम असलं की नोट कशी कडक राहते. बसा ना, ते कापड सरकवा बाजूला. रोजचा खर्च वेगळा — चहा, पाणी, तिकडे मुतारीलासुद्धा पैसे पडतात — तो हातातल्या पर्समध्ये, दिवसाचा दिवसाला. अडीनडीचं तेवढं पट्ट्यात. मी हिला असाच शिवून दिला होता, माझ्या बायकोला, मागच्या वर्षी. थोरल्या बहिणीबरोबर तिकडेच गेली होती, वहिनी चालल्यात तिथेच. साडूला ऑफिसनं सहल दिलेली, त्याला जमेना, म्हणून त्याच्या जागी ही. जाणं-येणं फुकट, मग वरखर्च तरी आपला असावा, की नाही? बहिणीपुढे हात पसरायचा नाही, बजावलं होतं मी.

शेवटचा टाका मात्र मी हातानं घातला. आमच्या वडिलांचा टाका तो, गाठ आतून बसते. दुसऱ्या कुणाला जमत नाही — हिलाही नाही, इतकी वर्षं माझ्याकडे काजं-बटणं करतेय तरी. उसवून परत शिवला, तर बघताक्षणी कळेल मला. विश्वास? विश्वासाचा प्रश्नच नाही हो! पण बहिणी-बहिणी बाजारात शिरल्या की हात ढिला होतो. तुम्हीही त्याचसाठी आलात ना? मग. म्हटलं, मला फोन केल्याशिवाय उसवायचं नाही. हो म्हणाली. कशालाही होच म्हणते.

तर तिकडे एका बंदरावर बस हिला सोडून गेली. बस दोन होत्या, बहिणीला वाटलं ही मागच्या बसमध्ये आहे. पर्स सीटवर राहिलेली, फोन बंद पडलेला. सकाळची गोष्ट — शोधत परत आले तेव्हा दिवे लागले होते. तोवर ही एका बाकावर, भर उन्हात. सावलीलाही गेली नाही, चुकामूक होईल म्हणून. समोर एक जण पाणी विकत होता. शेवटी चक्कर येऊन पडली, तेव्हा तिथल्याच कुणा म्हातारीनं तोंडावर पाणी मारलं. आणि पैसे कुठे? कमरेला! त्या पाणीवाल्याचं अख्खं दुकान विकत घेतलं असतं, एवढे.

मला हे हिनं सांगितलं नाही बरं का. मेहुणीनं सांगितलं, मागाहून, फोनवर, रडत रडत — जसा काही मीच बस घेऊन गेलो होतो. हिनं घरी आल्या आल्या पट्टा काढून माझ्या हातात दिला. मी दिव्याखाली धरला. टाका जसाच्या तसा. मी म्हटलं, शाबास. — मग काय म्हणायला हवं होतं? मला तेव्हा ठाऊक होतं का? कळल्यावर विचारलं ना, चिडूनच विचारलं, अगं, दातांनी तोडायचा, दगडावर घासायचा, जीव मोठा की टाका? तर म्हणाली, "तुम्हांला फोन लावता येत नव्हता." एवढंच. आणि काज करायला बसली.

तेव्हापासून हिचं मागणंच बंद झालं. आधी कटकट असायची — भाजीला द्या, औषधाला द्या. आता नाही. मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एकदा बघतो तर चप्पल तारेनं बांधून चालतेय. नवी आणून दिली, घातली. नसती आणली, तर तशीच चालली असती. मी मध्येच मशीन थांबवून विचारतो, काही हवंय का? नको. बरं नाही का? बरंय. माणसाला काहीच कसं नको, साहेब? मला भीती वाटायला लागली. घरात पाणी प्यायलं तरी आवाज होतो, इतकं गप्प.

आता? आता नाही घरात. परत गेलीय तिकडेच, आज सकाळी, बहिणीबरोबर. ह्या खेपेला मी नवा पट्टा शिवला. चेन लावली — हो, लावली, तुम्हांला नको म्हणालो तरी. आत नेहमीपेक्षा जास्त नोटा घातल्या, म्हटलं मनासारखं उडव, हिशेब देऊ नकोस मला. हिनं पट्टा हातात घेतला, चेन उघडली, परत लावली आणि ह्या मशीनवर ठेवून दिला. म्हणाली, "ताईनं केलंय माझं सगळं." बाहेर गाडी उभी होती. परत कधी? विचारणारच होतो मी, तर मेहुणी म्हणाली उशीर होतोय. सहलच ती, किती दिवसांची असणार! बॅग मोठी होती. बायकांच्या बॅगा मोठ्याच असतात. कपाट उघडलं मघाशी — हिचे स्वेटर नाहीत, शालही नाही. तिकडे थंडी असेल. ह्या दिवसांत थंडी असते ना हो तिकडे? तुम्ही वहिनींना पाठवताय, तुम्ही चौकशी केली असेल.

उन्हाळा?

नाही — तुमचं काम नाही व्हायचं माझ्याकडून. दुसरीकडे बघा. ते कापड घ्या तुमचं. आणि जाताना दार ओढून घ्या.