ताटातला पगार

आमचं लग्न कसं जमलं ते ऐका. मी चाकणला कंपनीत परमनंट झालो आणि मामा मला घेऊन रहाटणीला मुलगी बघायला गेले. पोहे यायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं, "पोराला आठ लाखांचं पॅकेज हाय."

मुलीचे वडील खूश झाले. पण मुलगी, म्हणजे आमची स्वाती, तीही कंपनीतच कामाला. तिनं सरळ मला विचारलं, "बेसिक किती?"

मामा म्हणाले, "सगळं धरूनच सांगितलंय की."

मी खरं बोलून गेलो. "मूळ पगार निम्म्याहून कमी आहे. बाकीच्यात भत्ते, पीएफ, विमा, कंपनीची बस आणि कॅन्टीनचं जेवणसुद्धा धरलंय."

मामांनी माझ्या मांडीला चिमटा काढला. स्थळ गेलं, असंच मला वाटलं. तर स्वाती हसायला लागली. वडिलांना म्हणाली, "बाबा, माझंही पॅकेज तुम्ही यांना असंच सांगितलंय ना?"

मग काय, बाबांनीच पेढे मागवले.

आजही आमच्या घरी डबा भरत नाहीत. आम्ही दोघंही आपापल्या कॅन्टीनमध्ये दोनदा भात घेतो. पगार आहे राव तो, ताटात कसा टाकायचा?