पती परत आले तरी शोध चालू ठेवण्याबाबत

नाव व पत्ता वर नोंदल्याप्रमाणे. वय ४६ वर्षे. धंदा: पडदे व सोफ्याच्या खोळी शिवणे.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी पतीसह राहते. पती लिफ्टदुरुस्तीचे काम करतात. आम्हांला मूल नाही. पती बेपत्ता झाल्याची तक्रार मी याच ठाण्यात दिली होती. ते घरी आल्यामुळे तक्रार बंद करायची आहे, असे सांगून आज मला बोलावण्यात आले. तक्रार बंद करू नये, असे माझे म्हणणे आहे.

पती मार्च महिन्यात एका इमारतीत कामाला गेले ते परत आले नाहीत. त्यांची हत्यारांची पिशवी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मिळाली. पिशवीची चेन लावलेली होती.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात पती उभे होते. "काय गं, कुलूप बदललंस?" असे म्हणाले. मी कुलूप बदलले होते. इतके दिवस कुठे होते ते त्यांना आठवत नाही. डॉक्टरांनी तपासले, प्रकृती उत्तम आहे. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, देव पावला म्हणा. आता उकरत बसू नका." मी उकरले नाही. आवाज, हनुवटीवरचा व्रण, घोरणे सर्व त्यांचेच आहे. आल्या आल्या त्यांनी बाथरूमचा गळका नळ दुरुस्त केला. पूर्वी अशा कामासाठी वर्षभर मागे लागावे लागे.

घराजवळ किराणा मालाचे मोठे दुकान आहे. आत साबण आणि फिनेलच्या रांगेच्या टोकाला चायनीजचे काउंटर आहे. लग्न झाल्यापासून दर शुक्रवारी आम्ही तिथून एक डबा नूडल्स घेतो आणि दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर बसून खातो. डबा एक, काटे दोन. घरी नेत नाही, कारण वाटेत नूडल्स मऊ पडतात. स्वस्तातले जेवण आहे, पण आम्हांला हॉटेलपेक्षा आवडते. याचा तक्रारीशी काय संबंध, असे साहेबांनी विचारले. संबंध आहे म्हणून सांगते.

पती नेहमी खरवड मागतात. म्हणजे कढईच्या तळाला लागलेले, किंचित करपलेले नूडल्स. काउंटरवर जो शिजवतो त्याला सगळे कढईवाला म्हणतात. तो खरवड उलथन्याने सोडवून डब्यात वरून घालतो आणि म्हणतो, "दादा, खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो." पती म्हणतात, "तो पडून गेला रे. आता घरी रोज नुसतं गडगडतं." मग दोघे माझ्याकडे बघून हसतात. इतक्या वर्षांत यातला शब्द बदललेला नाही. मीही हसते.

पती परत आल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही तिथे गेलो. पती म्हणाले, "खरवड टाक रे." कढईवाल्याने कढईकडे पाहिले. "आत्ताच तर दिली," असे म्हणाला. पावसाचे काही बोलला नाही. गडगडण्याचे वाक्य पती आपणहून म्हणाले. डबा घेऊन ते बाहेर गेले. मी कागदी रुमाल घ्यायला थांबले, तेव्हा कढईवाल्याचे व माझे पुढील बोलणे झाले.

"वहिनी, हे कोण?"

"डोळे फुटले का तुझे? दादा आहेत."

"दादा तुमच्या आधी येऊन गेले. कामाच्या कपड्यांत होते. खरवड त्यांनीच नेली."

"हे बघ, असली थट्टा मला चालणार नाही."

"थट्टा कशाला करू? वाळून काडी झालेत. म्हटलं, काय दादा, होतात कुठे? वहिनी रडून रडून अर्ध्या झाल्या. तर म्हणाले, अजून घरी पोहोचलो नाही. पण आता जवळ आलोय."

मी बाहेर आले. रस्ता दोन्ही बाजूंना पाहिला. पती म्हणाले, "काय शोधतेस? बस, मऊ पडतील." मी बसले. नूडल्स नेहमीसारखे चांगले होते. आम्ही डबा संपवला.

दुकानाच्या मॅनेजरने कॅमेऱ्यातले चित्रण साहेबांसमोर मला दाखवले. कॅमेरा काउंटरच्या आतल्या बाजूला आहे, गिऱ्हाईक दिसत नाही. आम्ही येण्याआधी कढईवाला डबा पुढे करतो आणि बाहेरून एक हात तो घेतो. बाहीला ग्रीस आहे. अंगठ्याचे नख मधोमध चिरलेले आहे. लिफ्टच्या दारात सापडून ते तसे झाले होते. त्यानंतर आम्ही येतो, आणि दुसरा डबा जो हात घेतो त्याचेही नख तसेच चिरलेले आहे. दोन्ही हात माझ्या पतीचे आहेत.

कढईवाला जबाब द्यायला तयार आहे, पण दादांसमोर देणार नाही म्हणतो. कोणत्या दादांसमोर, हे मी विचारले नाही.

घरी असलेल्या पतींविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. ते मला पूर्वीपेक्षा चांगले वागवतात. मात्र बेल वाजली की हल्ली तेच उठतात. माझे हात रिकामे असले तरी मला उठू देत नाहीत. दार थोडेसेच उघडतात, बाहेर काही बोलतात आणि लावून घेतात. कोण होते विचारले तर "घर चुकलेला कोणीतरी" असे सांगतात. या आठवड्यात असे दोनदा झाले.

"बाई, मग दोघांतला खरा कोण?" असे साहेबांनी विचारले. ते मला सांगता येणार नाही. जे घरी आहेत ते हरवलेले नाहीत. माझी तक्रार हरवलेल्या माणसाबद्दल आहे आणि तो अजून बाहेर आहे. तक्रार बंद झाली तर त्याला शोधणारे कोणी राहणार नाही. त्याला ठाण्यात आणून बसवावे आणि मला किराणा दुकानात कढईवाल्याकडे निरोप द्यावा. घरी देऊ नये.

मला न्यायला पती आले आहेत व दाराबाहेरच्या बाकावर बसले आहेत. त्यामुळे हा जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवण्यात आला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.