फिनबारने गाळलेलं प्रकरण

(शनिवार, दुपारचे चार. शारजाहून दुबईतल्या देराकडे निघालेली गाडी. सुलक्षणा चालवते आहे, शेजारी तिचा नवरा गोपीनाथ, मागे पंधरा वर्षांची उर्वी.)

सुलक्षणा : चेहरा नीट करा आधी. पुस्तकाच्या प्रकाशनाला चाललोय आपण, कुणाच्या तेराव्याला नाही.

गोपीनाथ : प्रकाशन म्हणू नकोस त्याला. प्रकाशनाला प्रकाशक लागतो. हा फिनबार स्वतःच लिहितो, स्वतःच छापतो, स्वतःच टेबल मांडून विकतो. चाळीस दिरहमला एक! हजार रुपये झाले आपले. उद्या स्वतःच स्वतःला पुरस्कार देईल.

सुलक्षणा : आणि तुम्ही त्यांचे प्रमुख पाहुणे.

गोपीनाथ : तेच तर! मलाच का? ऑफिसात साठ माणसं आहेत.

सुलक्षणा : कारण तुम्ही मित्र त्यांचे. तुम्ही डॉक्युमेंटेशनला, फिनभाऊ सेफ्टीला, आणि हमरिया फ्री झोनच्या कंपनी बसमध्ये नऊ वर्षं शेजारी शेजारी. त्यांना आपलं वाटतं, अख्ख्या फ्री झोनमध्ये पुस्तकातलं कळतं ते एकट्या गोपीला.

गोपीनाथ : नऊ वर्षांत सहा पुस्तकं, सुलक्षणा. सहा! मोबाइलवर, अंगठ्यांनी टाइप करून. बसमध्ये निम्मे घोरतायत, मागे कुणीतरी मोठ्याने पंजाबी गाणी लावलीयत, आणि हा आपला टकटक टकटक. मी एका वाक्याचा विचार करतो, तोवर ह्याचं पान होतं.

सुलक्षणा : मग तुम्हीही करा की टकटक.

गोपीनाथ : कादंबरी म्हणजे तुझ्या ऑर्डरच्या चकल्या आहेत का? एक घाणा काढला की दुसरा घातला?

सुलक्षणा : माझ्या चकल्या लोक खातात तरी. तुमची कादंबरी चौदा वर्षांत एकदाच कपाटाबाहेर पडली. पुण्याला प्रकाशकाकडे गेली ती गेलीच.

गोपीनाथ : विचाराधीन आहे. पत्र आहे त्यांचं.

सुलक्षणा : चार वर्षांपूर्वीचं.

गोपीनाथ : चांगल्या संस्थांना वेळ लागतो.

उर्वी : फिन अंकल सेज, वेटिंग इज बाबाज हॉबी.

गोपीनाथ : म्हणेलच तो! मी विचारलं होतं त्याला, बाबा रे, तुमच्या आयर्लंडमध्ये एवढे प्रकाशक, एकालाही का पाठवलं नाहीस? तर म्हणतो, 'गोपी, माझा आजा दुसऱ्याच्या जमिनीत राबला. बाप साहेबाच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला. मी कुणाच्या दारात उभा राहायचा नाही. शंभर माणसांनी वाचलं, बास झालं.' शंभर! आणि त्या शंभरात कोण? आमच्या गेटवरचा पठाण ड्रायव्हर, क्लिनिकमधली नर्स आणि तू.

सुलक्षणा : मी काय वाईट वाचक आहे? त्यांच्या मागच्या पुस्तकात एक म्हातारी तिसऱ्या पानावर मेली आणि चाळिसाव्या पानावर चहा करत होती. मीच पकडलं ते.

गोपीनाथ : बघ! हेच म्हणतो मी. शिस्त नाही.

सुलक्षणा : फोन करून सांगितलं, तर केवढे हसले! म्हणाले, 'थँक यू सुलू, जिवंत करतो संध्याकाळपर्यंत.' ऑनलाइन ऑर्डर आली की तेवढीच प्रत छापून जाते ना त्यांची. फाइल बदलली की पुढची प्रत दुरुस्त.

गोपीनाथ : सुलू म्हणतो तो तुला?

सुलक्षणा : म्हणतात. तुम्ही म्हणायचं सोडलंत, कुणीतरी म्हणायला नको?

गोपीनाथ : उजवीकडच्या लेनमध्ये घे, ही अडकणार.

सुलक्षणा : ड्रायव्हिंग टेस्टला पाच वेळा नापास झालेल्या माणसाने लेन सांगू नये.

उर्वी : आई, कॅन आय प्रॅक्टिस नाऊ?

गोपीनाथ : कसली प्रॅक्टिस?

सुलक्षणा : फिनभाऊंनी तिला काम दिलंय. पुस्तक विकतात त्या साइटवर ह्याचे जेवढे रिव्ह्यू आलेत, ते कार्यक्रमात वाचून दाखवायचे.

गोपीनाथ : जेवढे म्हणजे, सगळे?

उर्वी : ऑल इलेव्हन. ही सेज इफ यू हाइड द बॅड वन्स, इट्स चीटिंग.

गोपीनाथ : अगं, अकरा कोण ऐकणार! चांगले दोन-तीन वाच, खलास. लोकांना चहा-समोसे हवे असतात.

उर्वी : बट बाबा, देअर इज ओन्ली वन बॅड वन. वन स्टार. नो नेम.

सुलक्षणा : कोण मेला तो? वाच बघू. आणि मराठीत सांग, गाडी चालवताना इंग्रजी डोक्यात शिरत नाही.

गोपीनाथ : जाऊ दे ना. तो एसी वाढव जरा. गुदमरायला होतंय.

उर्वी : ओके, मराठीत... 'लेखकाला भाषेची शिस्त नाही. पुस्तक घाईत लिहिलं आहे. सगळ्यात रडकं चॅप्टर आईच्या बुटांचं.' रिव्ह्यूतच पुढे आहे, हर सन्सचे बूट. दे वेंट टु इंग्लंड, आणि ती दर शनिवारी त्यांचे जुने बूट पॉलिश करते, फॉर संडे चर्च. 'अशा चॅप्टरने पुस्तक बुडतं.'

सुलक्षणा : कुठले बूट?

उर्वी : हेच ना. आय डोन्ट रिमेंबर एनी बूट्स.

सुलक्षणा : नाहीतच. मी दोनदा वाचलंय पुस्तक. आई आहे त्यात, कोंबड्या आहेत, तो पाद्री आहे. बूट कुठेच नाहीत.

गोपीनाथ : असतील. चकल्या तळता तळता वाचलंस, सुटलं असेल तुझ्याकडून.

सुलक्षणा : तुम्ही कधी वाचलंत? तुमची प्रत तर टीव्हीखाली पडलीय, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.

गोपीनाथ : मी... आधीच वाचलं होतं. रमझानात. कच्चा खर्डा पाठवला होता त्याने फोनवर.

सुलक्षणा : आणखी कुणाला पाठवला होता?

गोपीनाथ : मला काय माहीत.

सुलक्षणा : अहो, मी विचारतेय. आणखी कुणाला?

गोपीनाथ : कुणालाच नाही.

उर्वी : ओ माय गॉड. बाबा!

सुलक्षणा : तुम्ही लिहिलंत हे.

गोपीनाथ : सिग्नल सुटलाय.

सुलक्षणा : सुटू दे. तुम्ही लिहिलंत हे. नाव लपवून. आपल्या घरी चतुर्थीला मोदक खाऊन जाणाऱ्या माणसाबद्दल.

उर्वी : आई, पीपल आर हाँकिंग.

सुलक्षणा : चालवतेय. बोला तुम्ही.

गोपीनाथ : काय बोलू? हो, लिहिलं. जळतो मी त्याच्यावर. सकाळी बसमध्ये त्याचे अंगठे हलायला लागले की मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतो. बास? पण मला एक सांग, बूट नक्की नाहीत? त्याने ते प्रकरण काढलं?

सुलक्षणा : मला का विचारता?

गोपीनाथ : कारण मीच सांगितलं होतं काढ म्हणून! 'फिन, बाकी सगळं छान, तेवढं बुटांचं काढ. पुस्तक जड होतंय.' मला काय माहीत तो ऐकेल! कधी कुणाचं ऐकत नाही तो. ठेवलंच असणार असं धरून मी न उघडताच लिहून मोकळा झालो.

सुलक्षणा : वाईट होतं का हो ते?

गोपीनाथ : नाही.

सुलक्षणा : मग?

गोपीनाथ : अडीच पानं आहेत फक्त. बुटांचे तीन जोड. पोरं विशीत गेलेली, आता पन्नाशीला आलीयत, कुणालाच ते बूट होणार नाहीत. ती दर शनिवारी खाली बसून ते पुसते, चकचकीत करते, दाराशी ओळीने लावते. रविवारी संध्याकाळी परत आत ठेवते. एवढंच. कुठे रडणं नाही, उमाळा नाही. मी माझ्या आईला चिपळूणला एकटी सोडून आलो. त्यावर दोनशे पानं आहेत माझ्या कादंबरीत. दोनशे पानांत तिचा हात असा एकदा दिसला नाही मला. त्या दिवशी बसमधून उतरलो, ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन रडलो. तोंड धुतलं, बाहेर आलो, आणि त्याला सांगितलं, काढ.

सुलक्षणा : देवा.

गोपीनाथ : आणि काढलंन्! माझ्या शब्दावर!

सुलक्षणा : आहे का ते अजून तुमच्याकडे?

गोपीनाथ : फोनमध्ये आहे. रोज वाचतो.

उर्वी : बाबा... फिन अंकलनी मला लिस्ट पाठवलीय ना, त्यात तुमच्या रिव्ह्यूसमोर त्यांनी लिहिलंय, 'रीड धिस लास्ट. माय बेस्ट रीडर.'

सुलक्षणा : म्हणजे त्यांना कळलंय.

गोपीनाथ : कळणारच! खर्डा दुसऱ्या कुणाला दिला होता त्याने? आणि तरी मला पाहुणा म्हणून बोलावतो! बघ, इथेही मोठेपणा ह्यालाच. मला साधं वाईट ठरायचीसुद्धा सोय ठेवली नाही लेकाच्याने!

सुलक्षणा : झालं? पोहोचलो आपण. ते बघा, स्वतःच खुर्च्या मांडतायत. तुम्ही काय बोलणार होतात?

गोपीनाथ : 'साहित्य आणि शिस्त.' चार पानं काढलीयत.

सुलक्षणा : ती गाडीतच राहू द्या. बुटांचं वाचा.

गोपीनाथ : सगळ्यांसमोर? म्हणजे सांगावं लागेल सगळं.

सुलक्षणा : लागेलच. उर्वी तुमचा एक तारा वाचेल, मग तुम्ही उठायचं. आवडलं त्यांना तर संध्याकाळी फाइल बदलतील, पुढच्या प्रतीपासून बूट परत दाराशी.

उर्वी : यल्ला, बाबा, चला. ही इज वेव्हिंग.

गोपीनाथ : थांब जरा. त्याने विचारलं तर, सुलू?

सुलक्षणा : काय?

गोपीनाथ : की गोपी, एवढं आवडलं होतं, तर काढायला का सांगितलंस?

सुलक्षणा : मग काय सांगाल?

गोपीनाथ : सांगेन, ते मी लिहिलेलं नव्हतं म्हणून.