गायकाच्या बायकोला आमंत्रण

रेडिओवरची मुलाखत ऐकून माणूस कुठल्या कामाला लागेल, सांगता येत नाही. नागापूरच्या कामगारांचा एक गाण्याचा ग्रुप होता, दर शनिवारी कार्यक्रम करायचा. मी आणि ऑफिसातले गायकवाड त्याचे भक्त. मुलाखतीत त्यांचा गायक सुभाष म्हणाला, “बायकोनं मला स्टेजवर गाताना कधी ऐकलंच नाही.” गायकवाडांचे डोळे भरून आले. पुढच्या शनिवारी कार्यक्रमाआधी आम्ही थेट त्याच्या घरी.

“वहिनी, आज तुम्ही यायलाच पाहिजे.”

“येते की. पन ही तीन पोरं कोन सांभाळनार? तुमी?”

सांभाळली. धाकट्यानं गायकवाडांचा चष्मा मोडला. आमचा कार्यक्रम अर्थातच हुकला.

वहिनी परतल्या त्या डोळे पुसतच. “ह्यांचा आवाज लई ग्वाड हाय वो,” म्हणाल्या. “पुढच्या शनिवारी बी या.”