आधी आंघोळ

तुला सांगतो, मी अणुभट्टीच्या रिॲक्टरवर कामाला होतो ना, तेव्हा नेरूळला घरी पोचलो की बायको दारातच अडवायची. "अहो, आधी आंघोळ. तिकडचं काही घरात आणू नका."

एका गणपतीत कामावर निघता निघता मी पेट्रोमॅक्सच्या बत्तीची जुनी जाळी बदलली. ती हातातच चुरली, पूड केसांत उडाली. ट्रेन चुकेल म्हणून हात पँटला पुसले आणि पळालो.

गेटवर किरणोत्सर्ग तपासायच्या मशीनवर हात ठेवले, तर ते कोकलायलाच लागलं. साहेब धावत आले.

"कुठं हात घातलास?"

"साहेब, मी अजून आतच गेलो नाही."

जाळीचं सांगितल्यावर ते पोट धरून हसले. "अरे, त्यात थोरियम असतं, तेही किरणोत्सर्गीच."

मग बाथरूमकडे बोट दाखवलं. "आधी आंघोळ. घरचं काही इथं आणू नकोस."